तोंड कोरडं पाडणारी रेड वाइन

वाइनरीत दोन-तीन रेड वाइन चाखून झाल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "भलतीच स्ट्राँग आहे, तोंड कोरडं पडलं." खापर अल्कोहोलवर फुटतं. पण तेवढंच अल्कोहोल असलेली व्हाइट वाइन सहसा असं करत नाही. हा उद्योग टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट द्रव्याचा.

व्हाइटसाठी द्राक्षं पिळून रस आधीच वेगळा काढतात. रेडसाठी मात्र चेचलेली द्राक्षं साली-बियांसकट टाकीत आंबवतात. साली, बियांतलं टॅनिन त्यामुळे वाइनमध्ये उतरतं. सालींचा रंग लवकर सुटतो. बियांमधलं टॅनिन अल्कोहोल वाढेल तसं सावकाश बाहेर येतं.

खरी गंमत पुढे, तोंडात. आपल्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने खच्चून भरलेली प्रथिनं असतात. बहुतेक प्रथिनांच्या नीट घड्या पडलेल्या असतात. प्रोलीनची ताठर वलयं मात्र घडी पडू देत नाहीत, त्यामुळे ही प्रथिनं सैल, उलगडलेली राहतात. टॅनिनची चपटी फिनॉल वलयं या प्रोलीन वलयांवर जाऊन बसतात आणि हायड्रॉक्सिल गटांचे हायड्रोजन बंध ती पकड घट्ट करतात. टॅनिनच्या एका रेणूला अशा अनेक जागा असतात, म्हणून तो एकाच वेळी दोन-तीन प्रथिनांना बांधून टाकतो. गुंता वाढत गेला की तो विरघळलेला राहत नाही, त्याचा साका होतो. चाखून थुंकण्यासाठी ठेवलेल्या भांड्यात डोकावलंत तर जांभळट, चिकट धागे दिसतील. दृश्य किळसवाणं आहे खरं, पण तीच ही रासायनिक क्रिया.

लाळेचं वंगण असं गेलं की जीभ टाळूला घासते. आपण तुरट हा रस षड्रसांत मोजत आलो, पण तो बराचसा स्पर्शच आहे. म्हणून तर तो ओठांच्या आतल्या बाजूला आणि हिरड्यांवरही जाणवतो, जिथे चव ओळखणाऱ्या कलिका जवळजवळ नसतातच.

घोट गिळल्यावरही तुरटपणा काही सेकंद चढत राहतो. लाळ पूर्ववत होण्याआधी पुढचा पेला उचलला की आधीचा तुरटपणा त्यात मिसळतो आणि तिसऱ्या वाइनवर उगाच अन्याय होतो. म्हणून चाखताना हलक्यापासून भारीकडे जायचं, मध्ये पाणी प्यायचं आणि घाई करायची नाही.

या भेटीत "रेड वाइन हृदयाला चांगली" हेही कानावर पडतं. सालीतल्या ज्या रेझव्हेराट्रॉलचा एवढा गवगवा होतो, ते लिटरभर वाइनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. वाइन आवडते म्हणून प्यावी, औषधाची सबब कशाला?

पिंपात मुरताना लाकडातून झिरपणारा थोडासा ऑक्सिजन अॅसिटाल्डिहाइड तयार करतो. ते टॅनिन आणि अँथोसायनिन या रंगद्रव्याच्या रेणूंमध्ये पूल बांधतं; रंग टिकाऊ होतो, तुरटपणाचा पोतही बदलतो. शक्य असेल तर एकाच वाइनचे टाकीतले आणि पिंपातले नमुने शेजारी शेजारी मागा आणि लक्ष चवीपेक्षा हिरड्यांकडे ठेवा.