गोळीला होणारा उशीर

पौष लागला की आमच्या वावरात जागल सुरू होते. हरभरा घाट्यावर आलेला असतो, तुरीच्या शेंगा भरत असतात आणि अंधार पडला की धुऱ्यापलीकडच्या झुडपी जंगलातून चितळांचा कळप खाली उतरतो. रोही, म्हणजे नीलगायी, तर दिवसाउजेडीही येतात. आम्ही माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवतो, टॉर्च मारतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चितळाची शिकार हा गुन्हा आहे. तो गुन्हाच असावा असं मला वाटतं, पीक खाल्लेल्या सकाळीसुद्धा.

अशाच एका रात्री टेक्सासातून भाच्याचा फोन आला. तो तिकडे स्वतःच्या मापाची रायफल घडवून घेतोय. "मामा, तुम्ही जन्मभर फिजिक्स शिकवलं. लांबून हरीण मारायचं तर काडतूस कोणतं घेऊ?"

हरीण म्हणजे नेमकं कोणतं, असं विचारलं तर म्हणाला, "चितळच!"

खरं आहे ते. भारतातलं चितळ १९३२ मध्ये टेक्सासात नेलं गेलं आणि तिथल्या माळरानावर इतकं वाढलं, की आज तिथे त्याच्या शिकारीला ठरावीक हंगामही नाही. आपला रोहीसुद्धा १९३० च्या सुमारास दक्षिण टेक्सासातल्या मोठ्या कुरणांवर सोडला गेला आणि तोही तिथे रुजला. माझ्या माळ्यासमोरचं जनावर आणि भाच्याच्या रायफलीवरच्या दुर्बिणीतलं जनावर एकाच जातीचं. फोन ठेवल्यावर वही काढली आणि आकडे मांडायला बसलो.

काडतूस म्हणजे नुसती गोळी नव्हे. पितळेचं नळकांडं, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, हे सगळं मिळून काडतूस. आपल्याकडच्या जुन्या भरमार बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून वेगवेगळी ठासावी लागे. काडतुसात हे सगळं कारखान्यात मोजूनमापून एकत्र येतं, म्हणून प्रत्येक बार जवळजवळ सारख्या वेगानं सुटतो. लांबच्या नेमासाठी ही एकसारखी गती पहिली गरज आहे.

भाच्याच्या यादीत बरीच नावं होती. १९०६ सालचं .३०-०६, १९२५ चं .२७० विंचेस्टर, १९५२ चं .३०८ विंचेस्टर, १९६३ चं .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर. नावातला पहिला आकडा साधारण गोळीची जाडी सांगतो, .३०८ सारखा इंचात, ६.५ हा मिलिमीटरमध्ये. दुकानदार या प्रत्येकाची ताकद नळीच्या तोंडाशी मोजून सांगतो. तिथे .३०८ ची १०.९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०८ मीटर वेगानं निघते आणि तिची ऊर्जा साडेतीन हजार जूलच्या वर असते. ६.५ क्रीडमूरची ९ ग्रॅमची गोळी साधारण ८२३ मीटर वेगानं निघते, ऊर्जा तीन हजारांच्या आसपास. या हिशोबात .३०८ सरस. पण चितळ नळीच्या तोंडाशी उभं नसतं.

गोळी नळीतून सुटली की त्याच क्षणी पडायला लागते, हातातून सुटलेल्या बोरासारखी. .३०८ ची गोळी ३०० मीटरवर नळीच्या रेषेपासून सुमारे पाऊण मीटर खाली येते. अंतर दुप्पट केलं, म्हणजे ६०० मीटर, तर घसरण चौपट होऊन तीन मीटर व्हायला हवी. प्रत्यक्षात ती पावणेचार मीटरच्या घरात जाते, कारण हवेनं गोळीचा वेग खाल्लेला असतो आणि दुसऱ्या अर्ध्या वाटेला तिला जास्त वेळ लागतो. तरी ही घसरण फारशी घाबरण्यासारखी नाही. गुरुत्वाकर्षण रोज सारखंच असतं. अंतर नीट मोजलं की तेवढी दुर्बीण वर चढवता येते.

वारा मात्र रोज सारखा नसतो, आणि काडतूस निवडण्याची खरी कसोटी तिथेच आहे.

गोळी जेवढा वेळ हवेत, तेवढा वेळ वारा तिला बाजूला ढकलतो, असं वर्गात पोरं सांगायची. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण ते तसं नाही. फिरकी घेतलेली गोळी बाजूचा वारा लागताच आपलं नाक किंचित वाऱ्याकडे वळवते. हवेचा अडथळा मग अगदी सरळ मागे न ओढता थोडा तिरपा ओढतो, आणि गोळी वाऱ्याच्या दिशेनं सरकते. म्हणजे बाजूला नेणारी ओढ ही वेग कमी करणाऱ्या ओढीचाच एक भाग आहे. यातून एक सुंदर हिशोब निघतो. दिदियाँ नावाच्या फ्रेंच तोफशास्त्रज्ञानं तो एकोणिसाव्या शतकातच मांडला होता: गोळीला झालेला उशीर गुणिले वाऱ्याचा वेग म्हणजे गोळी किती सरकली ते. उशीर म्हणजे हवा नसती तर लागला असता तो वेळ आणि खरोखर लागलेला वेळ, यांतला फरक.

आकडे घालून बघू. अंतर साडेचारशे मीटर, आडवा वारा ताशी १६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर. .३०८ ला तिथे पोचताना सुमारे ०.१२ सेकंद उशीर होतो, म्हणून ती अर्ध्या मीटरहून थोडी जास्त सरकते. ६.५ क्रीडमूरला उशीर ०.०८ सेकंदांचा, सरकणं ३६-३७ सेंटिमीटर. नळीच्या तोंडाशी दोघींच्या वेगात जेमतेम १५ मीटरचा फरक होता, पण अर्ध्या किलोमीटरच्या आत लहान गोळी स्पष्ट पुढे निघून गेली.

कारण तिची ठेवण. वाळलेली तुराटी टोक पुढे करून भाल्यासारखी फेका, लांब जाते. तीच आडवी फेकली तर चार पावलांवर पडते. वजन तेच, पण हवेला समोरून भिडणारं अंग बदललं. ६.५ ची गोळी बारीक, लांब आणि टोकाला निमुळती असते. असं अंग हवा कापत जातं आणि वेग राखून ठेवतं. कंपन्या हा गुण एका आकड्यात छापतात. .३०८ च्या १६८ ग्रेनच्या, म्हणजे वरच्याच १०.९ ग्रॅमच्या, नेमबाजी गोळीसाठी तो ०.४६ च्या आसपास, तर ६.५ च्या १४३ ग्रेनच्या शिकारी गोळीसाठी ०.६२ च्या आसपास असतो. जेवढा मोठा, तेवढा उशीर कमी.

चितळाच्या बाबतीत याचा अर्थ काय? काळीज आणि फुप्फुसांची जागा फार तर २०-२५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मधोमध नेम धरला तर दोन्हीकडे १०-१२ सेंटिमीटरची मोकळीक. वाऱ्याच्या अंदाजात ताशी पाच किलोमीटरची चूक चांगल्या नेमबाजाचीही होते. तेवढ्या चुकीनं .३०८ ची गोळी साडेचारशे मीटरवर १७ सेंटिमीटर चुकते, म्हणजे पोटात लागू शकते आणि जनावर जखमी होऊन कुठेतरी झुडपात तडफडत मरतं. ६.५ सुमारे ११ सेंटिमीटर चुकते, अगदी काठावर. हे मी भाच्याला दोनदा सांगितलं. काठावरचा नेम हा जनावरावर अन्याय आहे, म्हणून हातात ६.५ असली तरी ३०० मीटरपुढे त्यानं चापावर बोट ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

गोळी पोचली तरी तिनं काम करायला हवं. शिकारी गोळीचं टोक मऊ असतं. शरीरात शिरल्यावर ते फुलतं आणि जखम रुंद होऊन जनावर लवकर कोसळतं. अशा फुलणाऱ्या गोळ्यांची बदनामी आपल्याच देशातून सुरू झाली. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात त्या बनल्या, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं युद्धात त्यांच्यावर बंदी आली. शिकारीत मात्र पूर्ण तांब्यानं मढवलेली लष्करी गोळी वाईट, कारण ती बारीक भोक पाडून आरपार जाते. फुलण्यासाठी बऱ्याच शिकारी गोळ्यांना सेकंदाला ५५० मीटरच्या आसपास वेग लागतो. वर धरलेल्या .३०८ चा वेग साडेचारशे मीटरवरच तिथवर उतरतो, ६.५ चा सहाशेच्या पुढे.

मग मॅग्नमच का नको? ती गोळी जड आणि वेगवान, दोन्ही. पण संवेग कुठे जात नाही, तो खांद्यावर येतो. चार किलोच्या रायफलीत ६.५ चा धक्का साधारण १५ जूल, .३०८ चा १९ आणि .३०० मॅग्नमचा ३५ च्या वर. एवढा धक्का येणार हे माहीत असलं की चाप ओढण्याआधीच डोळा मिटतो, खांदा आखडतो. चितळासाठी ती ताकद लागतही नाही. रोह्याची गोष्ट वेगळी. दोनशे किलोच्या वरचा नर, जाड कातडं, रुंद हाडं. तिथे .३०-०६ किंवा .३०० मॅग्नमची जड गोळीच योग्य.

रायफल घडवून घेताना एक गोष्ट आधी ठरवावी लागते, ती म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांचा पीळ. लांब गोळीला स्थिर राहायला जास्त फिरकी हवी. ग्रीनहिल या ब्रिटिश गणितज्ञानं १८७९ मध्ये त्याचं सूत्र दिलं. ६.५ क्रीडमूरसाठी साधारण आठ इंचात एक फेरा देतात, म्हणजे सुटताना गोळी सेकंदाला सुमारे चार हजार वेळा फिरत असते. नळी एकदा कोरली की पीळ बदलत नाही.

हवामानाचाही थोडा वाटा आहे. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ होते, उशीर त्या मानानं घटतो. टेक्सासचा उन्हाळाही कडक, म्हणून हिवाळ्यात जमवलेली दुर्बीण उन्हाळ्यात पुन्हा तपासायची.

भाच्यानं ६.५ पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माळ्यावर चढलो. माझ्या अंगाला वारा लागत नव्हता, खालचा हरभरा स्थिर होता, पण पलीकडच्या धुऱ्यावर तुरीचे शेंडे डुलत होते. गोळीच्या वाटेवर वारा सगळीकडे सारखा नसतो. नळीजवळ लागलेला वारा गोळीला सुरुवातीलाच तिरपी करतो आणि तो तिरकसपणा शेवटपर्यंत वाढत जातो, तर जनावराजवळच्या वाऱ्याला गोळी सरकवायला वाटच उरलेली नसते. खाली उतरून भाच्याला फोन लावला आणि सांगितलं, दूरचं गवत हलताना दिसेल, ते बघच, पण आधी तुझ्या पुढच्या शंभर मीटरचं गवत बघ.