रताळं, घरपट्टी आणि शाळेचं देणं

उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत एका मुलाची आई ‘स्वीट पोटॅटो पाय’ शिकवायला आली. रताळ्याचं गोड सारण भरून भट्टीत भाजायचा हा पदार्थ तिच्या हातचा म्हणजे नावाजलेला. तिचं शिकवून झालं, तरी बाईंनी विषय सोडला नाही. कार्व्हर यांनी रताळ्यावर काय संशोधन केलं ते मुलांनी शोधलं (कार्व्हर कोण, हे मराठी वाचकाला सांगायला नको), चवीची चाचणी घेतली आणि पाय विकायचा तर कसा, याचा आराखडाही केला.

हा वर्ग ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांच्या संशोधनातला. 1947 साली फिलाडेल्फियात जन्म, तिथल्याच सरकारी शाळांमध्ये शिक्षिकेची नोकरी, मग स्टॅनफर्डची पीएचडी. कृष्णवर्णीय मुलं मागे का पडतात, हा तेव्हाचा ठरलेला प्रश्न. त्यांनी तो फिरवला: ही मुलं ज्यांच्या हाताखाली छान शिकतात, ते शिक्षक नेमकं काय करतात? असे शिक्षक शोधायचे कसे? चर्चमध्ये भेटणाऱ्या पालकांना विचारलं, मुख्याध्यापकांना वेगळं विचारलं आणि दोन्ही याद्यांत आलेली नावं घेतली. आठ जणी मिळाल्या. त्यांतल्या पाच कृष्णवर्णीय, तीन गोऱ्या. मला यादीची ही युक्ती निष्कर्षांइतकीच मोलाची वाटते. आईबापांना तज्ज्ञ मानणारं संशोधन विरळाच.

2006 साली अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधकांच्या संघटनेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणखी एक शब्द बदलला. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या गुणांतल्या फरकाला सगळे ‘दरी’ म्हणत. त्या म्हणाल्या, हे ‘कर्ज’ आहे. अर्थसंकल्पात तूट एका वर्षाची असते, कर्ज मात्र वर्षानुवर्षं साचत जातं. गुलामांना अक्षरओळख करून देणं हा दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता. नंतर शाळा मिळाल्या त्या वेगळ्या आणि कंगाल. आजच्या परीक्षेतला फरक या थकबाकीवर उभा आहे.

थकबाकी अजून वाढतेच आहे, कारण तिथल्या शाळांचा बराचसा पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो. घरं महाग, तर शाळा श्रीमंत. भाषणात त्यांनी आपल्याच गावाचे आकडे दिले. वर्षाला एका विद्यार्थ्यामागे फिलाडेल्फियात खर्च सुमारे 9,300 डॉलर, तर बहुतांश गोऱ्या वस्तीच्या लोअर मेरियनमध्ये 17,000 डॉलरच्या वर. या दोन गावांची हद्द म्हणजे सिटी अव्हेन्यू नावाचा एक रस्ता.