पोलिसांसमोर गप्प आणि वॉट्सॲपवर बोलके: आमच्या पक्षकारांसाठी

"वकीलसाहेब, मला गप्प बसायचा हक्क आहे ना?" हे फोनवर इतके जण विचारतात की आता लिहूनच देतोय. (वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, तेव्हा हे फक्त ज्यांचं वकीलपत्र आमच्याकडे आहे त्यांच्यासाठी.)

तर, हक्क आहे. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि हे फक्त कोर्टात नाही, पोलीस चौकशीतही लागू होतं हे सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच नंदिनी सत्पथी केसमध्ये सांगितलंय. ज्या उत्तराने तुम्ही स्वतः गुन्ह्यात अडकाल ते द्यायचं बंधन नाही, बाकीच्या प्रश्नांना मात्र खरं उत्तर द्यावं लागतं, नाव-पत्ता लपवून काही मिळत नाही. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे चौकशीला हजर राहा अशी पोलिसांची नोटीस आली की हजर राहायचंच, हक्क उत्तर न देण्याचा आहे, न जाण्याचा नाही, गेला नाहीत तर अटक होऊ शकते. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना, मॅजिस्ट्रेटने सांगितलं तर आवाजाचा नमुना, हेही द्यावं लागतं. नार्को टेस्ट मात्र तुमच्या संमतीशिवाय नाही, तो निकाल २०१० चा.

आता खरी डोकेदुखी. लोक आयओसमोर (म्हणजे तपास अधिकाऱ्यासमोर) तोंड मिटून बसतात आणि रात्री घरी येऊन फिर्यादीला वॉट्सॲप करतात, "चुकलं माझं, पैसे पुढच्या महिन्यात देतो, केस मागे घे." मिटवामिटवी करायचा हेतू चांगलाच असतो हो, पण जरा बघा काय होतं ते. पोलिसांपुढे दिलेली कबुली भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम २३ मुळे तुमच्याविरुद्ध वापरताच येत नाही, फक्त तुम्ही सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग येतो. म्हणजे जिथे कायद्याने भिंत बांधलीय तिथे तुम्ही गप्प, आणि जिथे भिंतच नाही तिथे स्वतःहून लिहून देता. २०(३) जबरदस्तीपासून वाचवतं, तो मेसेज टाईप करायला तुम्हाला कोणी भाग पाडलेलं नसतं. तो फिर्यादीचा मोबाईल पंचनाम्यात जातो आणि मग जामिनाच्या अर्जावर आमचा निम्मा वेळ "चुकलं माझं" म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे हेच पटवण्यात जातो. व्हॉइस नोट असेल तर अजूनच कठीण.

यावर काहीजण मेसेज डिलीट करून येतात!! समोरच्याकडे तो असतोच, वर पुरावा नष्ट केल्याचा नवीन आरोप. फोन आहे तसा आणा.

आम्हाला अजून दोन गोष्टी ऐकाव्या लागतात. एक, चौकशीत वकील शेजारी बसून का राहत नाही. अटकेतल्या माणसाला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण चौकशीभर नाही, कायदाच असा आहे, आम्ही टाळत नाही. दोन, जबाब तुम्हीच लिहून द्या ना. नाही देणार, पाठ केलेला जबाब तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. त्याऐवजी आम्ही आधी तासभर बसून कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवतो, ज्यांनी हे केलंय त्यांच्या केसेस पुढे सोप्या गेल्यात. आणि हो, तपासातल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कोरा कागद पुढे केला तर आधी आम्हाला विचारा.

आम्हाला मात्र सगळं सांगा, अर्धवट नको, पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला तुमच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. फक्त ते ऑफिसात समोर बसून. नोटीस आली की तिचा फोटो तेवढा पाठवा, खाली "साहेब खरं काय झालं तर..." असं लिहू नका, फोन जप्त होऊ शकतो. भेटीची वेळ आम्ही कळवतो, नोटीस असेल तर शक्यतो त्याच दिवशीची.