कॅल्शियम-संदेशवहन, कंकाल स्नायूंतील

कंकाल स्नायूच्या तंतूतील अंगके (पृष्ठपटल आत वळून झालेल्या आडव्या नलिका, कॅल्शियम साठवणारी जालिका व ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका) कॅल्शियम आयनांच्या द्वारे एकमेकांना इशारे देतात, ती व्यवस्था. बडोद्याच्या आखाड्यात मल्लखांबावर उडी घेणाऱ्या मुलाची पकड क्षणात बसते नि क्षणात सुटते, ती या व्यवस्थेमुळे.

विश्रांत तंतूच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम लिटरमागे सुमारे ०.१ मायक्रोमोल असते. जालिकेत ते काही हजार पट. शिवाय कॅल्सिक्वेस्ट्रिन प्रथिनाला धरून राहिलेला साठा वेगळाच. चेतातंतूचा संदेश येताच विद्युत लहर आडव्या नलिकांतून तंतूत खोल उतरते. प्रत्येक नलिकेच्या दोन्ही अंगांना जालिकेच्या कोठ्या असतात आणि मधली फट जेमतेम १२ नॅनोमीटरची. नलिकेतील डायहायड्रोपिरिडीन ग्राही (इशारा टिपणारी प्रथिने) विद्युतदाबातील बदल ओळखून समोरच्या, जालिकेवरील रायनोडीन ग्राहीला थेट चालना देतात व जालिकेचे हे दार उघडते. हृदयस्नायूत यासाठी बाहेरून कॅल्शियम आत यावे लागते. इथे लागत नाही, म्हणून बाहेरचे काढून घेतले तरी कंकाल स्नायू काही वेळ आकुंचत राहतो. सुटलेले कॅल्शियम ट्रोपोनिन या नियंत्रक प्रथिनाला बिलगते आणि मायोसिन प्रथिनाला ॲक्टिन प्रथिन पकडून आकुंचन घडवण्याची वाट मोकळी होते.

स्नायू सैल पडणे फुकट होत नाही, हे सहसा लक्षात येत नाही. जालिकेच्या पटलातील सर्का पंप दर एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा) रेणूमागे दोन कॅल्शियम आयन जालिकेत परत ओढतो. जलद तंतूंतील हा पंप जन्मतः सदोष असला तर ब्रॉडी विकार होतो: व्यायामानंतर आवळलेली मूठ लवकर उघडत नाही.

हा खर्च भागवणाऱ्या तंतुकणिका कोठ्यांना खेटूनच असतात. सुटलेल्या कॅल्शियमचा थोडा वाटा त्या शोषतात. त्याने त्यांतील डिहायड्रोजनेज विकरे चेततात व एटीपी वाढते. अतिरेक झाला तर मात्र त्यांचे पटल फुटके होऊन तंतू मरतो. जालिका रिती होऊ लागली की तिच्यातील स्टिम-१ प्रथिन पृष्ठपटलावरील ओराय-१ मार्ग उघडून भरपाई करवते.

रायनोडीन ग्राही आनुवंशिकतेने सदोष असल्यास हॅलोथेन, आयसोफ्लुरेन यांसारखे भूलवायू किंवा सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारे औषध) दिल्यावर दार उघडेच राहू शकते; हा घातक अतिताप (मॅलिग्नंट हायपरथर्मिया). जबडा ताठरतो, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड चढतो. ताप पुष्कळदा उशिरा दिसतो, त्यामुळे त्याची वाट पाहणे घातक. भूलवायू तत्काळ बंद करून शुद्ध ऑक्सिजन देतात आणि कॅल्शियमची सुटका रोखणारे डँट्रोलीन वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम शिरेतून, गरजेनुसार पुन्हा. आधीची भूल निर्विघ्न पार पडली एवढ्यावरून हा दोष नाही असे ठरत नाही.