विम्बल्डनचे पाठीराखे आणि २००२चा निर्णय : पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या कारभाराविषयीचा कायदा मंजूर झाला. इंग्लंडमधील वरच्या पाच स्तरांवरील पुरुष संघांच्या क्लबांना आता मैदान विकण्यापूर्वी किंवा दुसऱ्या ठिकाणी हलण्यापूर्वी स्वतंत्र नियामकाची परवानगी घ्यावी लागेल, आणि बोधचिन्ह किंवा घरच्या मैदानावरील पोशाखाचे रंग बदलायचे असतील तर पाठीराख्यांचे मत डावलता येणार नाही. २०२१च्या वसंतात काही बड्या क्लबांनी वेगळी युरोपीय स्पर्धा काढण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला, तेव्हापासून या कायद्याची चर्चा सुरू झाली, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. क्लब हलवण्याविषयीच्या तरतुदीची मुळे त्याआधीच्या, २८ मे २००२ रोजी झालेल्या एका निर्णयात आहेत: त्या दिवशी तीन सदस्यांच्या एका आयोगाने लंडनच्या विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलण्याची परवानगी दिली. तो निर्णय ज्यांच्यावर लादला गेला, त्या विम्बल्डनच्या पाठीराख्यांचा अनुभव समजल्याशिवाय या कायद्याची गरज नीट कळत नाही.

मराठी वाचकाला विम्बल्डन म्हटले की हिरवळीवरचे टेनिस आठवते. लंडनच्या त्याच उपनगरात १८८९ मध्ये स्थापन झालेला हा फुटबॉल क्लब १९१२ पासून प्लाउ लेन या छोट्या मैदानावर खेळत असे. बराच काळ तो हौशी संघ होता आणि १९६३ मध्ये त्याने हौशी संघांचा राष्ट्रीय चषक जिंकला. १९७५ मध्ये कुठल्याही राष्ट्रीय लीगमध्ये नसताना त्याने एफए चषकात, म्हणजे लहान-मोठ्या सर्व संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, बर्नलीला त्यांच्याच मैदानावर हरवले आणि पुढच्या फेरीत तेव्हाचे लीगविजेते लीड्स युनायटेड यांना त्यांच्या मैदानावर गोलशून्य बरोबरीत रोखले. १९७७ मध्ये त्याला लीगचे, म्हणजे देशातील वरच्या चार श्रेणींच्या स्पर्धेचे, सदस्यत्व मिळाले आणि अवघ्या नऊ वर्षांत, म्हणजे १९८६ मध्ये, तो पहिल्या श्रेणीत पोहोचला. १४ मे १९८८ रोजी वेम्बलीवर लिव्हरपूलला १-० ने हरवून त्याने एफए चषक उंचावला. त्या सामन्यात विम्बल्डनच्या गोलरक्षकाने पेनल्टी अडवली; वेम्बलीवरच्या चषक अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

इंग्लंडमध्ये क्लब सहसा विचार करून निवडला जात नाही. आई-वडील किंवा आजोबा ज्या मैदानावर जात, तिथे मूल त्यांचे बोट धरून जाते आणि पुढचे सारे आयुष्य तिथे जात राहते. दरवर्षी हंगामाचे तिकीट घ्यायचे, शक्यतो त्याच जागी त्याच शेजाऱ्यांबरोबर उभे राहायचे, पावसात परगावच्या सामन्यांना जायचे आणि बहुतेक वर्षी काहीही न जिंकता परतायचे, असे हे आयुष्य असते. १९५० च्या सुमारास विम्बल्डनमध्ये जन्मलेल्या माणसाचा विचार करावा. हौशी चषकाच्या वेळी तो शाळकरी मुलगा होता, लिव्हरपूलला हरवले तेव्हा चाळिशीला टेकला होता आणि बहुधा स्वतःच्या मुलाला घेऊन सामन्याला गेला होता. एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या माणसाला क्लब आपला आहे असे वाटले, तर त्यात भाबडेपणा काही नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याच्या हाती फक्त एका हंगामाचे तिकीट होते.

या उणिवेची झळ १९९१ पासून लागू लागली. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर वरच्या दोन श्रेणींमधील मैदाने पूर्णपणे आसनांची करण्याचे बंधन आले. प्लाउ लेनमध्ये हे परवडणारे नाही असे सांगून तत्कालीन मालकाने संघ सुमारे दहा किलोमीटरवरच्या सेलहर्स्ट पार्कमध्ये, म्हणजे क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर, भाड्याने नेला. ही व्यवस्था तात्पुरती असल्याचे सांगितले गेले होते. नवे मैदान उभे राहिले नाही, संघ थेट डब्लिनला नेण्याची कल्पनाही पुढे आली, आणि १९९८ मध्ये प्लाउ लेनची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकण्यात आली. आयोगाने पुढे ज्या अडचणी क्लबच्या नशिबी आल्यासारख्या मांडल्या, त्यांतील बऱ्याच मालकांच्या निर्णयांतून निर्माण झाल्या होत्या, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे. नव्या नॉर्वेजियन मालकांच्या काळात, १४ मे २००० रोजी, चषकविजयाला बरोबर बारा वर्षे झाली त्या दिवशी, संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला.

ऑगस्ट २००१ मध्ये क्लबने मिल्टन कीन्स येथे जाण्याचा मनोदय जाहीर केला. सुमारे ९० किलोमीटरवरचे हे शहर १९६७ नंतर नियोजनपूर्वक वसवलेले आहे. तिथे मोठी दुकाने आणि स्टेडियम एकत्र उभारू पाहणाऱ्या व्यावसायिकांना लीगमधला तयार क्लब हवा होता. स्थानिक संघाला खालून वर आणण्याइतका काळ थांबण्याची त्यांची तयारी नव्हती. लीग चालवणाऱ्या संस्थेने परवानगी नाकारली. क्लबने दाद मागितल्यावर लवादाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले, आणि लीगने ते देशाच्या फुटबॉलच्या सर्वोच्च संस्थेने नेमलेल्या तीन सदस्यांच्या स्वतंत्र आयोगाकडे सोपवले. निर्णयाची जबाबदारी अशी हातोहाती फिरत गेली आणि शेवटी तो दोन विरुद्ध एक अशा मताने स्थलांतराच्या बाजूने लागला.

आयोगाचा युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडायचा तर असा होता. क्लबला सतत तोटा होत होता, स्वतःचे मैदान नव्हते, आणि स्थलांतर नाकारले तर तो बुडण्याची शक्यता होती. परिस्थिती अपवादात्मक होती. शिवाय मूळ परिसराशी क्लबचे नाते इतके खोल नव्हते की दुसरीकडे लावल्यावर ते जगणार नाही. पाठीराख्यांच्या बाजूने असा विचार मांडला गेला होता की, क्लब बुडालाच तर त्याच परिसरात खालच्या लीगमधून नवा संघ उभा करता येईल. तसे करणे खेळाच्या व्यापक हिताचे नाही, असे अहवालात म्हटले गेले.

यातील पहिला मुद्दा गंभीर आहे. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच्या संस्थेला वाचवण्याचा प्रयत्न करू नका, असे कोणी म्हणणार नाही. पण आयोगाने वाचवायचे ठरवले ते कंपनीचे अस्तित्व आणि तिच्याकडचे लीगचे सदस्यत्व. जुन्या पाठीराख्याच्या दृष्टीने क्लब त्याआधीच मैदान गमावून बसला होता. गाव, शेजार आणि दर शनिवारी भेटणारी माणसे एवढेच त्याच्याकडे उरले होते, आणि नेमके तेच या निर्णयाने काढून घेतले. दहा वर्षे परक्या मैदानावर जाऊन ज्यांनी क्लब टिकवला, त्यांची ती दहा वर्षे त्यांच्याच विरोधात पुरावा म्हणून वापरली गेली: तुमचे नाते सैल झालेलेच आहे, मग आणखी थोडे दूर गेले तर काय बिघडते? मालकाने मैदान सोडल्याचा दोष अशा रीतीने पाठीराख्यांच्या माथी मारला गेला. खालून पुन्हा सुरुवात करणे अहितकारक आहे, हे मत तर इंग्लिश फुटबॉलच्या मूळ रचनेलाच धरून नव्हते. तिथे कोणताही संघ जिंकत जिंकत वर येऊ शकतो हेच त्या रचनेचे सत्त्व आहे, आणि विम्बल्डन स्वतः तसाच वर आला होता.

आर्थिक तर्कही टिकला नाही. पाठीराख्यांनी बहिष्कार टाकल्यावर ऑक्टोबर २००२ मध्ये रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला ८४९ प्रेक्षक होते. जून २००३ मध्ये, म्हणजे संघ प्रत्यक्ष मिल्टन कीन्सला पोहोचण्याच्या आधीच, क्लबचा कारभार दिवाळखोरी प्रशासकांच्या हाती गेला. संघ सप्टेंबर २००३ मध्ये हलला आणि २००४ मध्ये त्याचे नाव एमके डॉन्स झाले.

दरम्यान पाठीराख्यांनी आयोगाला अहितकारक वाटलेली गोष्ट करून दाखवली. निर्णयानंतर काही दिवसांतच एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब स्थापन झाला. जून २००२ च्या अखेरीस विम्बल्डन कॉमनवर, १८८९ मध्ये मूळ संघ जिथे खेळत असे त्याच माळावर, खुल्या निवड चाचण्या झाल्या. सुमारे २३० खेळाडू आले. १० जुलै रोजी सटनविरुद्धचा पहिला सामना नव्या संघाने ०-४ असा गमावला, पण तो पाहायला साडेचार हजारांवर लोक आले होते. शेजारच्या किंग्स्टनमधील किंग्समेडो मैदानावर नवव्या स्तरावरच्या लीगमध्ये या संघाचे सामने होऊ लागले आणि सरासरी तीन हजारांच्या आसपास प्रेक्षक येत राहिले. २००३-०४ मध्ये हा संघ लीगमध्ये एकही सामना हरला नाही. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात सलग ७८ लीग सामन्यांत तो अपराजित राहिला. मे २०११ मध्ये ल्युटनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तो राष्ट्रीय लीगमध्ये परतला. नऊ हंगामांत शून्यातून लीगपर्यंत येण्याचा हा प्रवास जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवकांच्या कष्टांवर झाला, आणि क्लबची मालकी सभासदांच्या न्यासाकडे राहिली.

१९८८च्या चषकावर हक्क कोणाचा, हा वाद काही वर्षे चालला. पाठीराख्यांच्या देशव्यापी संघटनेच्या मध्यस्थीनंतर २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबने चषकाची प्रतिकृती व जुन्या वस्तू विम्बल्डन ज्या भागात येते त्या मर्टनच्या स्थानिक परिषदेकडे सुपूर्द केल्या आणि आपला इतिहास २००४ पासून धरण्याचे मान्य केले. १९७७ मध्ये मिळालेले लीगचे सदस्यत्व मात्र त्या क्लबकडेच राहिले. डिसेंबर २०१२ मध्ये दोन्ही क्लब एफए चषकात प्रथमच समोरासमोर आले आणि मिल्टन कीन्सने भरपाई वेळेत गोल करून २-१ असा विजय मिळवला. त्या सामन्याला जावे की नाही, यावर घराघरांत मतभेद झाले. २०१७ मध्ये पाहुण्या संघाचे पूर्ण नाव सामनापत्रिकेत न छापल्याबद्दल लीगने एएफसी विम्बल्डनवर कारवाई सुरू केली. पंधरा वर्षांपूर्वीचा घाव नियमांनी बुजत नाही, हे तेव्हा लीगच्या लक्षात यायला हवे होते.

यानंतरचा टप्पा प्लाउ लेनचा. जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर ग्रेहाउंड शर्यतींचे एक स्टेडियम होते. त्या जागेवर नवे मैदान बांधण्याची परवानगी मिळाली. त्यासाठी किंग्समेडो चेल्सीला विकावे लागले, तरीही पैसे कमी पडले. २०१९ च्या अखेरीस बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा देण्याचा प्रस्ताव आला. पाठीराख्यांमध्ये त्याला तीव्र विरोध झाला, आणि पर्याय म्हणून क्लबचे रोखे काढण्यात आले. सामान्य पाठीराख्यांनी चार टक्क्यांपर्यंतच्या व्याजावर ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम क्लबला कर्जाऊ दिली. नवे मैदान ३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉनकॅस्टरविरुद्धच्या २-२ अशा बरोबरीने सुरू झाले. करोनाच्या निर्बंधांमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. एकोणतीस वर्षे वाट पाहिलेल्या लोकांना तो सामना घरी पडद्यावर पाहावा लागला.

पाठीराख्यांच्या मालकीला किंमतही मोजावी लागते. कर्जाची परतफेड करायची असल्याने खेळाडूंवर खर्च बेताचाच राहतो, आणि २०२२ मध्ये संघ चौथ्या स्तरावर घसरला तेव्हा मोठा गुंतवणूकदार घ्यावा का, या प्रश्नाला पुन्हा तोंड फुटले. निम्म्याहून अधिक मालकी न्यासाकडेच ठेवून संघ पुढे चालत राहिला. २६ मे २०२५ रोजी वेम्बलीवर वॉल्सॉलला १-० ने हरवून तो तिसऱ्या स्तरावर परतला. त्या हंगामात मिल्टन कीन्सचा संघ चौथ्या स्तरावर एकोणिसावा आला होता.