जुन्या गोकुळधामची ओढ

नागपुरात ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ या हिंदी विनोदी मालिकेचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “जुने भाग लाव ना बाप्पा!” रोजच्या मालिकेला सीझन कुठले? ‘जुने’ म्हणजे जेठालालची बायको दयाबेन होती तेव्हाचे, एवढाच हिशेब. ती साकारणाऱ्या दिशा वकानी 2017 मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्या परतल्याच नाहीत. त्यांचा मुलगा टप्पू झालेल्या भव्य गांधीनंही त्याच वर्षी मालिका सोडली. डॉ. हाथी साकारणारे कवी कुमार आझाद 2018 मध्ये वारले, नट्टूकाका म्हणजे घनश्याम नायक 2021 मध्ये.

पण ही ओढ नुसत्या चेहऱ्यांची नाही, असं मला वाटतं. मालिका 28 जुलै 2008 ला सब टीव्हीवर सुरू झाली, तरी तिचं मूळ 1971 पासून गुजराती ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात येणाऱ्या तारक मेहतांच्या सदरात होतं. वर्षानुवर्षं लिहून मुरलेली माणसं पडद्याला आयती मिळाली. जेठालाल सकाळी गॅलरीत येतो, समोर शेजारीण बबिता दिसते, चेहरा खुलतो, तेवढ्यात मागून वडिलांची, बापूजींची हाक! एवढ्यावर प्रसंग उभा राहायचा. पुढे भाग हजारांत गेले आणि स्वभावातून निघणारी गोष्ट पुरेना. मग सिनेमाच्या प्रचाराला आलेले पाहुणे, ठग, सामाजिक संदेश यांची भरती वाढली.

नागपूरकरांना मालिकेतली गोकुळधाम सोसायटी, ती नाना प्रांतांच्या माणसांची वस्ती, परकी वाटली नाही, याला इथला इतिहास आहे. हे शहर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांचा प्रांत. इतवारीत गुजराती-मारवाडी पेढ्या, जरीपटक्यात सिंधी वस्ती. आपली मराठीसुद्धा ‘काय करून राहिला?’ असं विचारते, ती या शेजारातूनच. म्हणून मंदार चांदवडकरांचा आत्माराम भिडे मराठी वळणाचं हिंदी बोलायचा, तेव्हा इथल्या घरांत वेगळंच हसू फुटायचं. तसं हिंदी आमचे काका रोज बोलत. 2019 मध्ये ‘फक्त मराठी’वर ‘गोकुळधामची दुनियादारी’ नावानं मराठी रूप आलं. त्यात सगळेच मराठी बोलू लागले आणि भिडेमास्तरांची ती गंमत हरवली. मला ते फार जाणवलं.

नागपूरच्या महाल भागात मामाकडे रात्री साडेआठला ताटं टीव्हीसमोरच मांडली जात. भिडे कंपाउंडातल्या फळ्यावर सुविचार लिहू लागला की मामा घास हातात धरून तो मोठ्यानं वाचायचा आणि आजी म्हणायची, “आधी जेव.” आता मामी दुपारी मेथी निवडताना मोबाइलवर जुना भाग लावून ठेवते. पडद्याकडे पाहतही नाही. दयाचं ‘हे माँ, माताजी’ कानावर पडलं, की मात्र हात थांबतो आणि ती हसते.