फायर पोईची आग लांबवण्याची पार्श्वभूमी: वात, इंधन आणि एक न मिटलेला वाद

फायर पोई म्हणजे साखळीच्या टोकाला बांधून नाचताना फिरवायची पेटती वात. एकदा इंधनात भिजवली की ती साधारण 3 ते 5 मिनिटे जळते. एक गाणे संपून दुसरे रंगात येते न येते तोच ज्योत मिणमिणायला लागते. हा वेळ वाढवण्याची खटपट तशी अलीकडची आहे, कारण पोई ज्यांच्याकडून आली त्या न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या पोईत मुळात आग नव्हतीच. ती राउपो या पाणगवताच्या पानांनी मढवलेली हलकी गोळी होती. पॅसिफिकमधल्या नृत्यात आगीचा खेळ गाजला तो सामोआच्या सुऱ्यामुळे. 1946 मध्ये सान फ्रान्सिस्कोत एका सामोअन नर्तकाने आग खाणारा एक कलावंत पाहिला आणि स्वतःच्या सुऱ्याला टॉवेल गुंडाळून तो पेटवला. जळती पोई जगभर पोचली ती त्यानंतर बऱ्याच काळाने, 1990 च्या दशकात, पाठीवर बोचके टाकून फिरणारे प्रवासी आणि उघड्या मैदानांवरचे महोत्सव यांच्यामार्फत.

सुरुवातीच्या वाती म्हणजे जुने टॉवेल, फाटक्या जीन्सच्या पट्ट्या, सुती दोर. सूत इंधन छान पिते, पण इंधन संपत आले की स्वतःच जळायला लागते, आणि फिरवता फिरवता पेटते तुकडे सुटून पडतात. न जळणाऱ्या वातीची कल्पना मात्र फार जुनी. अथेन्सच्या देवळातल्या एका सोन्याच्या दिव्यात वर्षातून एकदाच तेल भरतात आणि तो रात्रंदिवस जळतो, असे दुसऱ्या शतकातल्या एका ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवले आहे. त्या दिव्याच्या वातीचे वर्णन वाचून ती अ‍ॅस्बेस्टॉसची असावी असे अभ्यासक मानतात. विसाव्या शतकात मशाली फिरवणाऱ्यांनीही अ‍ॅस्बेस्टॉसच्या फिती वापरल्या. फुप्फुसावरचे त्याचे परिणाम उघड झाले आणि हा मार्ग बंद झाला. ब्रिटनमध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही 1999 मध्ये बंदी आली.

तोवर केवलार हाताशी आले होते. 1965 मध्ये प्रयोगशाळेत सापडलेला हा धागा 1970 च्या दशकात बाजारात उतरला, टायर आणि गोळीरोधक जाकिटांसाठी. तो वितळत नाही, पण 450 ते 500 अंश सेल्सियसच्या आसपास हवेत त्याचे विघटन होते. ज्योत हजार अंशांच्या वर असते, मग केवलारची वात शेकडो वेळा पेटवूनही टिकते कशी? वात स्वतः जळत नाही, तिच्यातून निघणारी इंधनाची वाफ जळते. वात ओली आहे तोवर तिचे तापमान त्या इंधनाच्या उकळण्याच्या तापमानाभोवती राहते. रॉकेल साधारण 150 ते 300 अंशांच्या पट्ट्यात उकळते, म्हणजे केवलारला अजून बरीच मोकळी जागा उरते. इंधन संपले की ही ढाल जाते. कडांवर लाल ठिणग्या दिसू लागल्या म्हणजे आता धागा जळतोय. शेवटची पंधरा-वीस सेकंदे ओढण्याच्या हव्यासात वातीचे निम्मे आयुष्य जाते, हे जुने फिरवणारे सांगतात ते या कारणाने. ज्योत आखडू लागली की विझवावी.

वातीच्या आकाराबद्दल फार गूढ नाही. घडी घालून पाकळ्या मोकळ्या ठेवलेली कॅथेड्रल वात जास्त हवा घेते. ज्योत मोठी, वेळ कमी. घट्ट गुंडाळी किंवा मंकी फिस्ट गाठ मारलेला गोळा तेवढेच इंधन हळूहळू सोडतो. ज्योत आटोपशीर आणि वेळ जास्त. नुसता आकार वाढवणाऱ्यांना भूमिती आडवी येते: 4 सेंटिमीटरचा गोळा 8 सेंटिमीटरचा केला तर इंधन आठपट मावते, जळणारा पृष्ठभाग चौपट होतो, म्हणजे वेळ ढोबळमानाने दुप्पट. वजन मात्र आठपट. ते मनगटाला आणि साखळीच्या कडीला पेलायचे असते. गाठीच्या पोटात लाकडी गोळी घातली तर गोळा मोठा दिसतो, पण त्या जागेत इंधन मावत नाही. पोटातही दोरच भरला तर वेळ वाढतो. माझ्या मते जास्त वेळ हवा असेल तर पहिला खर्च इथे करावा, इंधनावर नाही.

कारण इंधनांमधला फरक वाटतो तितका मोठा नाही. रॉकेल, व्हाइट गॅस म्हणजे नॅप्था हे पेट्रोलसारखे हलके द्रव इंधन, आणि शुद्ध केलेले पॅराफिनचे दिव्याचे तेल ही सगळी हायड्रोकार्बनच. किलोमागे उष्णता जवळपास सारखी, 43 ते 46 मेगाज्यूल. फरक पडतो तो वाफ किती पटकन होते यात. व्हाइट गॅस काडी जवळ नेताच भडकतो, पिवळी लख्ख ज्योत देतो आणि लवकर संपतो. रॉकेल जड आहे, सावकाश वाफ होते, जास्त टिकते, पण काजळी आणि वास सोसावा लागतो. दिव्याचे तेल त्याहून सावकाश आणि स्वच्छ. थंडीत ते पेटता पेटत नाही ही त्याची तक्रार.

यातून मिश्रणाची प्रथा पडली, आणि तिच्याभोवतीचा वाद अजून मिटलेला नाही. निम्मे रॉकेल, निम्मा व्हाइट गॅस, किंवा तेलात थोडासाच नॅप्था. समर्थकांचे म्हणणे सरळ आहे: पटकन पेटते, धूर कमी होतो, आणि नुसत्या व्हाइट गॅसपेक्षा जास्त वेळ मिळतो. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. विरोधकांचा आक्षेप वेगळ्याच जागी आहे. मिश्रणाचा जळण्याचा वेळ दोन्ही इंधनांच्या मधे कुठेतरी पडतो, पण धोका मधे पडत नाही. फ्लॅश पॉइंट, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ साचते ते तापमान, हलका घटक ठरवतो. व्हाइट गॅसचा फ्लॅश पॉइंट शून्य अंशाच्याही खाली, रॉकेलचा 38 अंश किंवा वर. रॉकेलमध्ये पाचवा हिस्सा व्हाइट गॅस घातला तरी मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट खोलीच्या तापमानाच्या खाली उतरतो. फायदा अर्धा, जोखीम जवळपास पूर्ण.

हे भांडण पोईवाल्यांनी उकरून काढलेले नाही. 1850-60 च्या दशकांत रॉकेलचे दिवे घरोघरी गेले आणि लगेच भेसळ सुरू झाली. तेव्हा मोटारी नव्हत्या, नॅप्थाला गिऱ्हाईक नव्हते, तो फुकापासरी होता. रॉकेलमध्ये ढकलला की माप भरायचे. दिवे फुटायचे, घरे जळायची. ब्रिटनने 1862 मध्ये कायदा केला. 100 अंश फॅरनहाइटच्या खाली पेटणारी वाफ देणारे तेल धोकादायक मानायचे, असा त्याचा आशय. पुढे उघड्या भांड्यातल्या चाचणीत तेच तेल एकाच्या हाती पास आणि दुसऱ्याच्या हाती नापास होऊ लागले. म्हणून 1879 मध्ये झाकणबंद भांड्याची नवी चाचणी आली. बंद भांड्यात वाफ कोंडते, त्यामुळे आकडा खाली येणारच. नवी मर्यादा 73 अंश फॅरनहाइट ठरली. जुने 100 आणि नवे 73 एकच, असे सांगितले गेले.

ते सगळ्यांना पटले नाही. टीकाकारांच्या मते मोजमाप सुधारण्याच्या नावाखाली मर्यादाच उतरवली गेली आणि स्वस्त, हलक्या तेलाला दार उघडे झाले. दुसरी बाजू म्हणत होती की दोष तेलाचा नाही, फालतू बनावटीच्या दिव्यांचा आणि हलगर्जीपणाचा आहे. शतक संपता संपता एका संसदीय समितीने बंद भांड्यातही 100 अंशच ठेवा अशी शिफारस केली, पण ती अमलात आली नाही. दोन्हीकडच्या कागदपत्रांत दम आहे. तरी दिवा कसा हाताळावा हे गिऱ्हाइकाला शिकवण्यापेक्षा बाटलीतले तेल जड ठेवणे सोपे होते, आणि मला शिफारशीची बाजू जास्त सरळ वाटते.

पोईच्या वर्तुळात तोच युक्तिवाद शब्दही न बदलता ऐकू येतो: इंधन वाईट नाही, वापरणारा सांभाळून हवा. बरोबर आहे, पण प्रत्यक्षात वात भिजवतात तिथे काय होते ते पाहू. वात डब्यात बुडवली की बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत ती भरत असते. बाहेर काढून निथळली तरी पहिल्या गिरकीत थेंबांची रांग उडते, म्हणून ती रिकाम्या डब्यात किंवा पिशवीत झटकून जास्तीचे इंधन काढतात. इतके होईपर्यंत व्हाइट गॅसची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरलेली असते आणि दहा पावलांवर कुणाची तरी पोई जळत असते. नुसते दिव्याचे तेल असते तर थंड डब्याला त्या ज्योतीचे भय जवळपास नसते.

जवळपास, कारण उच्च फ्लॅश पॉइंटवर विसंबून केलेल्या चुकाही आहेत. हे तेल कपड्यावर सांडले की कापडच वात बनते आणि साध्या तापमानालाही पेट घेते. नुकतीच विझवलेली वात इंधनाच्या फ्लॅश पॉइंटपेक्षा कितीतरी गरम असते. ती तशीच पुन्हा डब्यात बुडवली तर बाटलीवरचा आकडा कामाला येत नाही. झटकणे टाळून सगळे इंधन वातीत ठेवले तर वेळ वाढतो, ही युक्तीही अधूनमधून डोके वर काढते. तसे इंधन वातीत राहत नाही, पेटत्या थेंबांनी बाहेर पडते.

जास्त वेळाचे दावे तपासताना घड्याळ कधी थांबवले हेही विचारावे लागते. कुणी शेवटची निळसर ज्योत विझेपर्यंत मोजतो, कुणी नाचण्याजोगी आग राहीपर्यंत. कुणी वात खिळ्याला टांगून मोजतो, कुणी फिरवून. नवीकोरी वात इंधन कमी पिते. काही वेळा पेटवून धागे फुलले की ती जास्त धरते, त्यामुळे पहिल्याच दिवशीचे मोजमाप फसवे असते. त्यापेक्षा कोरडी आणि भिजवून झटकलेली वात तराजूवर ठेवून मधला फरक ग्रॅममध्ये सांगितला तर तुलना तरी करता येते. वाती बनवणारे काहीजण आता ते देतात.

गेल्या काही वर्षांत मिश्रणाचा वाद चर्चेने सुटला नाही, कागदाने सुटत चालला आहे. रसायनांच्या जागतिक वर्गीकरणात ज्वालाग्राही द्रवांच्या सीमा 23, 60 आणि 93 अंश सेल्सियसला आहेत. 1879 चे 73 अंश फॅरनहाइट म्हणजे 22.8, आणि 1862 चे 100 म्हणजे 37.8. ही दुसरी संख्या रॉकेलच्या नेहमीच्या खालच्या मर्यादेत आजही दिसते. व्हाइट गॅस पहिल्या सीमेच्या खाली पडतो, रॉकेल मधल्या पट्ट्यात, दिव्याची बरीच तेले 60 च्या वर. कार्यक्रमासाठी जागा देणारे अनेक ठिकाणी इंधनाचे सुरक्षा माहितीपत्रक मागतात. बाटलीबंद तेलाचे ते मिळते. घरी ढवळलेल्या मिश्रणाचे मिळत नाही, आणि म्हणून रंगमंचावर तरी मिश्रण मागे पडले आहे. उघड्या मैदानावर, विशेषतः थंडीत, ते चालूच आहे.